थेंबातील प्रवासी

पावसाळा सरत आला, की तारिहाळच्या वाटांवर ठिकठिकाणी डबकी उरतात. त्यांतील पाणी काचेच्या बरणीत घ्यावे, त्यात चिमूटभर वाळके गवत टाकावे आणि पाच-सहा दिवसांनी त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. नुसत्या डोळ्यांना निर्जीव भासणाऱ्या त्या थेंबात केवढी धावपळ चाललेली असते! एकाच पेशीचे हे जीव. यांना हात नाहीत, पाय नाहीत. मग हे चालतात तरी कसे?

प्रथम नजरेत भरतो तो चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम. त्याची लांबी पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याच्या सर्वांगावर हजारो सूक्ष्म केसल असतात. वाऱ्याने जोंधळ्याच्या शेतावर लाट उठावी, त्याप्रमाणे ते ओळीने हलतात आणि तो स्वतःभोवती फिरत पुढे जातो. वाटेत अडथळा आला, की केसल उलटे हलवून तो मागे येतो, दिशा बदलतो व पुन्हा निघतो. हिरवा युग्लीना आपल्या पुढच्या टोकावरील एका लांब चाबकासारख्या तंतूच्या साहाय्याने उजेडाकडे जातो. अमीबाची रीत याहून निराळी. तो अंगाचाच एक भाग पुढे सारतो. आतील जीवद्रव्य त्यात वाहत येते व मागचा भाग ओढला जातो. या क्षणिक पायांना छद्मपाद म्हणतात. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच सरपटत रोगजंतूंना गाठतात.

परंतु या जीवांना माशाप्रमाणे का पोहता येत नाही? मासा शेपटीचा एक फटकारा मारून थांबला, तरी काही अंतर पुढे जातोच. या चिमुकल्या देहांना मात्र पाणी काकवीसारखे दाट लागते. हालचाल थांबली, की जीव तत्क्षणी जागीच थांबतो. शिवाय अवयव जसा पुढे नेला तसाच मागे आणला, तर जेवढे पुढे जावे तेवढेच मागे यावे लागते. पर्सेल या पदार्थवैज्ञानिकाने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हे मर्म सुंदर रीतीने उलगडले. म्हणूनच केसल फटकारा मारताना ताठ असतो आणि परतताना वाकून अंगालगत येतो. बॅक्टेरियांचा तंतू तर मुळाशी असलेल्या इवल्याशा यंत्राने मळसूत्रासारखा गरगर फिरतो.

ही गती केवळ कौतुकाचा विषय नव्हे. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या रोग्यांत जो स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू ओळखला, तो अशाच एका फिरत्या तंतूच्या बळावर आतड्यातील चिकट थरात शिरतो. आवेचा अमीबा छद्मपादांनीच आतड्याच्या भिंतीत घुसतो. हे दोघेही आपल्या पोटात येतात ते बहुधा दूषित पाण्यावाटे वा अन्नावाटे, आणि ते पाणी दिसावयास नितळही असू शकते.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, थेंबातील प्रवाशांचे नवल अवश्य करावे. पण पिण्याच्या पाण्याविषयी शंका येताच ते चुलीवर चढवून चांगली उकळी येऊ द्यावी. तेथे त्यांचा प्रवास संपतो.