जड आवाज, मोठा आवाज

मेटालिका या अमेरिकन बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम 12 सप्टेंबर 2008 रोजी जगभर एकाच दिवशी विक्रीला आला. त्याची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते. ‘दॅट वॉज जस्ट युअर लाइफ’ या पहिल्या गाण्यात आधी फक्त ते ठोके, मग गिटारचे स्वच्छ, सुटे सूर, आणि मग सगळा बँड एकदम कोसळतो. निदान कोसळायला हवा. ही सीडी संगणकावर घेऊन तिच्या ध्वनिलहरींचं चित्र पाहिलं, तर सुरुवातीची बारीक रेघ संपल्यावर एक सलग जाड पट्टा लागतो. मेंदीचं कुंपण कात्रीने सरळ कापावं तसा तो वरून आणि खालून छाटलेला आहे. ड्रमच्या प्रत्येक आघाताला जे टोक दिसायला हवं, ते जवळजवळ कुठेच दिसत नाही. कानालाही तेच कळतं: आवाज पुष्कळ वाढतो, पण अंगावर येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘हेवी मेटल’मधला ‘हेवी’ हा शब्द वजनाबद्दल बोलतो, आणि वजन जाणवायला आवाजाला उसळायला नि खाली यायला जागा लागते. ‘डेथ मॅग्नेटिक’ हा त्याचा सगळ्यात चांगला पुरावा ठरतो, कारण त्यातली गाणी दमदार आहेत, वादन जोरकस आहे, आणि जे हरवलं ते सगळं वाजवून झाल्यानंतर हरवलं.

हे वजन कुठून येतं, याचं उत्तर या संगीताच्या उगमापाशीच सापडतं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करताना टोनी आयोमी या तरुण गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोपणं बनवली, गिटारला पातळ तारा लावल्या, आणि पुढे 1971च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पर्यंत तारा चक्क दीड स्वर खाली उतरवल्या. सैल तारेला दाब कमी लागतो, आणि तिचा आवाज खोल होतो. पण त्याआधीच, 13 फेब्रुवारी 1970 रोजी आलेल्या ‘ब्लॅक सॅबथ’ या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं ऐकावं. हा अल्बम जवळपास एका दिवसात वाजवून संपवलेला. पाऊस पडतो आहे, दूर घंटा वाजते आहे, आणि त्या शांततेत तीन सुरांचा एक संथ रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, येऊन पडतो. तो पडल्यावर सूर विरेपर्यंत थांबतात. मग गाण्याच्या वेळी सगळं पुन्हा दबक्या आवाजात जातं, आणि रिफ परततो तेव्हा आधीपेक्षा जड वाटतो. आजच्या मोजमापाने हे ध्वनिमुद्रण मुळीच मोठं नाही. तरीही हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात. आपल्या कानांना हे तत्त्व नवं नाही. त्रितालात खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा काही मात्रांपुरता काढून घेतात, आणि तो परत आला की समेची चाहूल लागते. तो काढलाच नसता तर परत यायचं तरी काय?

आता अल्बम घडतो कसा ते पाहू. मेटलमध्ये बहुधा आधी ड्रम्स घेतात, कारण बाकी सगळं त्यांच्यावर उभं राहायचं असतं. पायाने वाजणारा मोठा ड्रम, म्हणजे किक, त्याच्या आत एक माइक, स्नेअरला वर-खाली, झांजांवर उंच, आणि खोलीचा घुमार पकडायला लांबवर आणखी काही. त्यानंतर ऱ्हिदम गिटार. तोच रिफ निदान दोनदा, दर वेळी पहिल्यापासून वाजवून घेतात आणि एक वादन डाव्या बाजूला, दुसरं उजव्या बाजूला ठेवतात. दोन वादनांत जो केसाएवढा फरक पडतो, त्यानेच गिटारची भिंत रुंद होते. एकाच वादनाची नक्कल दोन्हीकडे ठेवली तर ती रुंदी मिळत नाही. मग बास गिटार, गायन, सोलो. हे सगळं एकत्र जुळवायला, म्हणजे मिक्सिंगला, बसल्यावर खरी वाटणी सुरू होते. किक आणि बास गिटार दोघांनाही तळ हवा असतो, गायन आणि गिटार दोघांनाही मधली पट्टी हवी असते. एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याची थोडी काढून घ्यावी लागते. मेटालिकाच्याच 1988च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये ही वाटणी इतकी बिघडली, की जेसन न्यूस्टेडचं बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणी गुंतागुंतीची, वेगवान, कोरडी, धारदार. वजन मात्र कमी. तीनच वर्षांनी, 1991मध्ये, बॉब रॉक या निर्मात्याबरोबर लॉस एंजेलिसमध्ये कित्येक महिने खपून त्यांनी बँडच्याच नावाचा अल्बम काढला. मुखपृष्ठामुळे लोक त्याला ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात. बास परत आलं, चाल संथ झाली, ‘सॅड बट ट्रू’साठी तारा पूर्ण एक स्वर उतरवल्या, आणि दोन आघातांच्या मध्ये मोकळी जागा सोडली. तीच माणसं, तीच वाद्यं. त्या गाण्यातला किकचा एकेक ठोका आजही जमिनीतून आल्यासारखा वाटतो. ऐकायची इच्छा असेल त्याने ‘जस्टिस’ आणि हा अल्बम एकापाठोपाठ लावून पाहावेत. माझं निम्मं म्हणणं त्यातच सिद्ध होतं.

उरलेलं निम्मं मास्टरिंगच्या खोलीत घडतं. मिक्स पूर्ण झाल्यावर सगळी गाणी एका हाताखालून जातात. त्यांची आपापसातली उंची जुळवली जाते, सुरांचा समतोल किंचित सुधारला जातो, आणि शेवटी लिमिटर लावला जातो. सीडीवर दर सेकंदाला 44,100 वेळा ध्वनीची उंची नोंदवलेली असते, आणि प्रत्येक नोंदीला 65,536 पायऱ्यांपैकी एक मिळते. सगळ्यात वरच्या पायरीच्या पलीकडे काहीच नाही, तिथे छतच आहे. ड्रमचा आघात क्षणभरासाठी या छताला टेकतो, बाकीचं वादन त्याच्या पुष्कळ खाली राहतं. सगळं मोठं करायचं असेल तर एकच वाट उरते: टोकं दाबायची किंवा कापायची, आणि राहिलेलं वर उचलायचं. लिमिटर हेच करतो. थोडा लावला तर कळतही नाही. जास्त लावला तर किकचा ‘धप्प’ सपाट होऊन नुसती ‘टक’ उरते, आणि कापलेल्या टोकांच्या जागी एक खरखर येते, जी कुठल्याच वाद्याची नसते. हा मोह का होतो तेही समजण्यासारखं आहे. एकच गाणं दोनदा ऐकवलं, दुसऱ्यांदा अगदी थोडं मोठं लावलं, तर माणूस दुसरं बरं म्हणतो. कानाचा स्वभावच तसा. म्हणून नव्वदच्या दशकापासून प्रत्येक अल्बम मागच्यापेक्षा थोडा मोठा होत गेला. टोक आणि सरासरी यांच्यातलं अंतर मोजण्याची एक प्रचलित पट्टी आहे. तिच्यावर 1991चा ‘ब्लॅक अल्बम’ 11च्या आसपास येतो, ‘डेथ मॅग्नेटिक’ 3च्या आसपास. ‘डेथ मॅग्नेटिक’चं मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला लिहिलेलं उत्तर नंतर सर्वांसमोर आलं. मिक्स आपल्या हाती आले तेव्हाच ते छतापर्यंत दाबलेले होते, असा त्याचा आशय होता.

जे हरवलं ते बँडच्या वादनात हरवलेलं नव्हतं, याचा पुरावा विचित्र ठिकाणाहून आला. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठी हाच अल्बम सीडी आली त्याच दिवशी उपलब्ध झाला. खेळणाऱ्याची कळ चुकली की फक्त गिटार बंद पडावी, यासाठी गेमला गिटार, बास, ड्रम्स सुटे सुटे लागतात. त्यामुळे तिथे जे ध्वनिमुद्रण गेलं, त्याला हा दाब बसलेला नव्हता. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकले, आणि गेममधला अल्बम त्यांना जास्त जड वाटला. वादन तेच, वाजवणारे तेच. हजारो लोकांनी सह्या करून नव्या मास्टरिंगची मागणी केली. बँडचा ड्रमवादक लार्स उलरिकने मात्र अल्बमच्या आवाजाची पाठराखण केली.

इथे पहिला आणि सगळ्यात गंभीर आक्षेप येतो. मेटलची गिटार मुळातच छाटलेली असते. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर आवाज दिला की तो लहरींची टोकं कापतो. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात, आणि त्याशिवाय हे संगीतच नाही. मग मास्टरिंगमध्ये आणखी थोडं कापलं तर तक्रार कशाची? हा आक्षेप मला उलट माझ्याच बाजूचा वाटतो. डिस्टॉर्शनमुळे गिटारचा हलका झटका आणि जोराचा झटका जवळपास एकाच उंचीला येतात. म्हणजे चढ-उतार दाखवायची गिटारची क्षमता आधीच खर्च झालेली असते. मग पूर्ण बँड वाजत असताना चढ-उतार कोण दाखवणार? ड्रम्स, आणि तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या रिफमधली ती बारीकशी शांतता. गिटार ही भिंत असेल, तर तिच्यावर हातोडा पडल्याचं किक सांगते. लिमिटर सर्वात आधी आणि सर्वात जास्त कापतो तो हाच हातोडा, कारण टोक त्याचंच सर्वात उंच. सतार-तबल्याच्या ध्वनिमुद्रणात थोडी काटछाट झाली तरी सुरांत चढ-उतार उरतात. मेटलमध्ये त्यानंतर काहीच उरत नाही. म्हणून या संगीताने इतरांपेक्षा जास्त जपून राहायला हवं.

दुसरा आक्षेप विक्रीचा. अल्बम अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत 4,90,000 प्रती खपून पहिल्या क्रमांकावर गेला. मग बिघडलं काय? पण माणूस अल्बम विकत घेतो तो ऐकण्याआधी. पहिल्या तीन दिवसांची विक्री ही बँडच्या आधीच्या पंचवीसेक वर्षांच्या कामाला मिळालेली पावती असते. एखादा अल्बम वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि दाबलेला आवाज तिथेच नडतो. कानाला उसंत न देणारं ध्वनिमुद्रण तासाभरात थकवतं, आणि ‘डेथ मॅग्नेटिक’ची लांबी तासाहून जास्त आहे.

तिसरा आक्षेप कलावंताच्या हक्काचा. त्याला हवा तसा आवाज त्याने ठेवावा. हे मला पूर्ण मान्य आहे. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने 1994चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर मुद्रित केला. तो पातळ आहे, घोंगावणारा आहे, तळ जवळजवळ नाहीच, आणि तरीही तो तसाच असायला हवा होता, कारण ती गारठलेली एकसुरी लय त्या खरखरीशिवाय उभीच राहत नाही. तिथे खरखर हा गाण्याचा भाग आहे. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये ती गाण्याच्या विरोधात जाते. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ची रचनाच अशी, की हळुवार गिटारपासून सुरू होऊन शेवटी सगळं बेफाम व्हावं. आधीच छताला टेकलेल्या आवाजाला आणखी वर जायची सोय राहत नाही. गाणं जे मागतं तेच ध्वनिमुद्रण नाकारतं, आणि हक्काचा मुद्दा या प्रश्नाला उत्तर देत नाही.

राहिला तो गाडीतल्या, लोकलमधल्या ऐकण्याचा मुद्दा. भोवती गोंगाट असताना दाबलेला आवाज जास्त नीट पोचतो, हे खरं आहे. पण गोंगाटासाठी दाबायचंच असेल तर ते ऐकण्याच्या यंत्रात दाबता येतं. सीडीवर एकदा कापलेलं टोक मात्र परत जोडता येत नाही. शिवाय आता स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या सेवा सगळ्या गाण्यांची सरासरी उंची आपणहून एका रेषेवर आणतात. जो अल्बम जास्त दाबलेला, त्याला त्या तेवढाच खाली ओढतात. मोठेपणाची शर्यत जिंकल्याचा फायदा तिथे शून्य होतो आणि सपाटपणा तेवढा शिल्लक राहतो. याच काळात, 2015मध्ये, ‘डेथ मॅग्नेटिक’ची आयट्यून्ससाठी नव्याने केलेली आवृत्ती आली, आणि तिच्यात चढ-उतार मूळ सीडीपेक्षा जास्त आहेत.

हा प्रश्न आपल्याकडच्या बँडनाही लागू होतो. मुंबईत साहिल माखिजाने डेमॉनिक रेझरेक्शन हा बँड उभा केला आणि अल्बम काढण्यासाठी स्वतःचं लेबलही चालवलं. तेव्हापासून इथल्या मेटलवाल्यांना मोठ्या कंपनीची वाट पाहण्याचं कारण उरलेलं नाही. घरातल्या खोलीत गिटार मुद्रित होते, लॅपटॉपवर मिक्स होतं, आणि लिमिटरचं बटण बँडच्याच हाताशी असतं. अल्बम बाहेर सोडण्याआधी एक चाचणी करायला दहा मिनिटं पुरतात. दाबलेली आणि न दाबलेली अशा दोन आवृत्त्या घ्यायच्या. दाबलेली एवढी खाली आणायची की दोन्ही कानाला सारख्याच मोठ्या लागतील. मग डोळे मिटून, कुणाला तरी अदलाबदल करायला सांगून, फक्त किककडे लक्ष द्यायचं. एका आवृत्तीत ती गिटारच्या मागे कुठेतरी टकटकत राहते. दुसरीत ती गिटारच्या पुढे येऊन उभी राहते, प्रत्येक ठोक्याला सुरुवात असते आणि शेवट असतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे बास गिटारची तार थरथरताना ऐकू येते.