राजगडच्या वाटेवरील ताक, भाकरी आणि वाटाडे

आल्प्समधील स्कीच्या काही गावांत पाहुणा आणि त्याचा शिधा दोन्ही रोपवेच्या पाळण्यातून वर पोचतात. वेल्हे आणि भोरच्या डोंगरांत मात्र गडावर मिळणारे ताक कोणीतरी अंगमेहनतीने चढवलेले असते, आणि म्हणूनच येथील भटकंतीचा अभ्यास या ओझ्यापासून सुरू करणे योग्य ठरते. गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगडाच्या पद्मावती माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाटीवर, जाणारी वाट शेवटी खड्या कातळात शिरते. तेथे डोक्यावर चुंबळ, म्हणजे कापडाची पिळून केलेली गोल बैठक, आणि तिच्यावर भांडे घेतलेल्या बाईचा एक हात लोखंडी कठड्यावर, तर दुसरा भांड्याच्या काठावर असतो, आणि दरवाजापाशी वाकावे लागत असल्याने ओझे आधी उतरवावे लागते. या धंद्यातील खरे कसब मात्र आदल्या रात्रीचे आहे, कारण गर्दीचा अंदाज दूध विरजण्यापूर्वीच बांधावा लागतो आणि न खपलेले ताक दुसऱ्या दिवसापर्यंत आंबून जाते. ही जोखीम ध्यानात घेतली, तर गडावरच्या दराबद्दल घासाघीस करणे अन्यायाचेच आहे.

पावसाळ्यात भटक्यांची झुंबड उडते, पण भातलावणीही नेमकी तेव्हाच असल्याने एकाच घराला चिखलणी केलेले खाचर आणि पिठलं-भाकरीची चूल अशा दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात. याच दिवसांत वाटाड्याचीही गरज वाढते. राजगडाच्या संजीवनी माचीजवळच्या अळू दरवाजातून उतरून, भुतोंडे खिंड ओलांडून शेजारच्या तोरणा गडाच्या बुधला माचीवर चढणारी धार धुक्यात हरवते, आणि घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, कोठे टाळायचा हे नकाशापेक्षा त्या रानात गुरे राखलेल्या माणसाला अधिक नेमके ठाऊक असते.

भोर तालुक्यातील रायरेश्वराच्या पठारावर तर यजमान वरच राहतात: तेथील जंगम कुटुंबे शिवमंदिराची पूजा आणि शेती करून आल्यागेल्याला जेवू घालतात, आणि पठारावर न पिकणारे मीठही त्यांना खालूनच आणावे लागते. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थळांत राजगड आहे. त्याच्या संवर्धनाचे आराखडे आखताना तटबुरुजांच्या डागडुजीइतकाच गडावर ताक विकणाऱ्यांच्या सावलीचा, पिण्याच्या पाण्याचा आणि बसण्याच्या हक्काच्या जागेचा विचार झाला पाहिजे.