हाडासाठी राखलेली जागा

कंबरेच्या दोन मणक्यांमध्ये बसवायचा केज हातात घेतला की आधी त्याचा लहानपणा जाणवतो. लांबी साधारण तीन सेंटीमीटर, रुंदी एक सेंटीमीटरच्या आसपास, उंची रुग्णाच्या मापाप्रमाणे आठ ते चौदा मिलिमीटर. पुढचे टोक निमुळते, कारण आकसलेल्या जागेत त्याला स्वतःच वाट काढायची असते. वरच्या-खालच्या अंगाला बारीक दाते, तेही असे तिरके कापलेले की केज आत सरकावा पण उलटा बाहेर येऊ नये. मागच्या बाजूला आट्यांचे भोक. त्यात लांब दांड्याचे हत्यार पिळून बसवतात आणि हलक्या ठोक्यांनी केज आत नेतात.

आणि मधोमध आरपार खिडकी. सगळा खटाटोप या रिकाम्या जागेसाठी आहे. दाबलेली नस मोकळी करताना मणक्याच्या मागच्या भागातले जे हाड काढावे लागते, तेच स्वच्छ करून, बारीक करून या खिडकीत भरतात. पुढच्या काही महिन्यांत ते वरच्या मणक्यापासून खालच्या मणक्यापर्यंत सलग वाढले, तर दोन मणके एक होतात. हे जोडण्याचे काम धातू करत नाही, प्लास्टिकही करत नाही. ते हाडालाच करावे लागते. हाड जुळेपर्यंत जागा धरायची आणि भार पेलायचा, एवढीच केजची नोकरी. हाड जुळलेच नाही तर मणके स्थिर ठेवायला मागून टाकलेले स्क्रू आणि रॉड कितीही मजबूत असले तरी आज ना उद्या सैल होतात किंवा मोडतात.

हा भार किती असतो, ते जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून कळते. एका स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीत त्यांनी दाब मोजणारे यंत्र बसवले. नुसते उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल भरला. पुढे वाकल्यावर १.१. पाठ वाकवून वीस किलो वजन उचलताना २.३, म्हणजे उभे राहण्याच्या साडेचार पटींहून जास्त. हे आकडे यवतमाळच्या शेतात नेऊन पाहावेत. जून-जुलैत सरकी टोबणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते. निंदणाला तेच. वेचणीला कमरेची ओटी भरत जाते तसा पुढे झुकलेला भार वाढतो. सोळा लिटरचा फवारणी पंप भरून पाठीवर चढवला की पंपाच्या वजनासह तो वीस किलोच्या घरात जातो. राळेगाव असो की पुसद, मणक्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस पुढच्या हंगामात परत जाणार आहे तो याच कामावर. केज बनवणाऱ्याने हे लक्षात ठेवलेच पाहिजे, असे मला वाटते.

गादी काढून त्या जागी हाड बसवण्याची कल्पना केजपेक्षा जुनी. होनोलुलूचे न्यूरोसर्जन राल्फ क्लोवर्ड पाठीमागून शिरून दोन मणक्यांमध्ये हाडाचे तुकडे ठोकून बसवत. १९५३ साली त्यांनी ती पद्धत सविस्तर मांडली. पीएलआयएफ या नावाने ती ओळखली जाते. भारतात या शस्त्रक्रियेचे नाव निघाले की डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव निघतेच. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या शीव रुग्णालयात अनेक वर्षे काम केलेले रामाणी यांनी हे तंत्र आपल्याकडे रुजवले आणि त्यावर पुस्तके लिहिली. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचे नावच ‘ताठ कणा’ आहे. नुसत्या हाडाच्या तुकड्यांची अडचण अशी होती की ते जुळण्याआधीच चेपत, कधी मागे सरकून नसेवर येत. कमरेच्या हाडातून तुकडे काढले तर तिथली वेदना वेगळी.

यावर उत्तर सापडले ते घोड्यांकडून. काही जातिवंत घोड्यांच्या मानेत मज्जारज्जू दाबला जातो आणि ते लटपटत चालू लागतात. अमेरिकेतल्या स्पोकेनचे अस्थिशल्यचिकित्सक जॉर्ज बॅग्बी यांनी पशुवैद्यांच्या सोबतीने, १९७० च्या दशकात, अशा घोड्यांसाठी स्टेनलेस स्टीलची भोके पाडलेली नळी तयार केली. मणक्यांमध्ये गिरमिटाने भोक पाडायचे, त्यातून निघालेला हाडाचा चुरा नळीत भरायचा आणि भोकापेक्षा किंचित जाड अशी ती नळी ठोकून बसवायची. जाड असल्यामुळे मणके थोडे दूर जातात, भोवतालचे अस्थिबंध ताणले जातात आणि तेच नळीला आवळून धरतात. एवढ्या मोठ्या जनावराला महिनोन्‌महिने पलंगावर झोपवून ठेवता येत नाही; शुद्धीवर आले की ते उभे राहणार. त्यामुळे पहिल्या दिवसापासून भार पेलणारी रचनाच लागत होती. १९७७ साली अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेल्या ‘सिॲटल स्लू’ या घोड्याच्या मानेवरही २००० साली याच पद्धतीने शस्त्रक्रिया झाली.

माणसासाठी हीच कल्पना स्टीफन कुस्लिच यांच्या सोबतीने टायटॅनियममध्ये उतरली. आट्यांचा हा नळीसारखा केज १९९६ साली अमेरिकेत मान्य झाला आणि जगभर पसरला. पण गोल आकारात खोट होती. नळी बसवायला मणक्याचा पृष्ठभाग कोरावा लागे. त्या पृष्ठावरचा पातळ, कठीण थर, ज्याला डॉक्टर एंडप्लेट म्हणतात, तोच तर भार पेलणारा. तो कोरला की नळी आतल्या जाळीदार, मऊ हाडात हळूहळू रुतते, मणक्यांमधली उंची कमी होते आणि मोकळी केलेली नस पुन्हा दाबली जाते. म्हणून पुढचे केज चौकोनी, सपाट आणि एंडप्लेट शाबूत ठेवून बसणारे झाले.

मग प्रश्न आला कशाचा बनवायचा याचा. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा ११० गिगापास्कलच्या आसपास. मणक्याच्या बाहेरच्या कठीण हाडाचा त्याच्या सहाव्या-आठव्या हिश्शाएवढा, आतल्या जाळीदार हाडाचा तर कितीतरी कमी. सगळा भार ताठर धातूनेच उचलला तर खिडकीतल्या हाडावर दाब पडत नाही, आणि दाबाशिवाय हाड वाढत नाही. म्हणून १९९० च्या दशकात पॉलिइथर-इथर-कीटोन हा पॉलिमर आला. त्याचा ताठरपणा तीन-चार गिगापास्कल, हाडाच्या जवळचा. मात्र त्याच्या गुळगुळीत अंगाला हाड धरत नाही, मध्ये तंतुमय पडदा तयार होतो. आता टायटॅनियमची पूड लेझरने थरावर थर वितळवून सच्छिद्र केज छापतात. छिद्रे मिलिमीटरच्या काही दशांशांची, रक्तवाहिनी आणि हाडाच्या पेशी शिरतील अशी. आणि पोकळपणामुळे धातूचा ताठरपणाही उतरतो. धातूचे धरणे आणि पॉलिमरची लवचीकता एकाच वस्तूत आणण्याचा हा प्रयत्न मला या इतिहासातला सर्वांत समंजस वाटतो.

बाजारात येण्याआधी केजला यंत्रावर ५० लाख वेळा दाबून पाहतात. त्यात तो सहसा मोडत नाही. मोडते ते त्याच्या खालचे हाड. विशेषतः पाळी गेलेल्या, आयुष्यभर राबलेल्या आणि जेवणात कमतरता सोसलेल्या बाईचे. एंडप्लेट मधोमध कमकुवत आणि कडेला, त्यातही मागच्या कोपऱ्यांत, बळकट असते. २००१ साली ग्रँट, ऑक्सलंड आणि ड्वोराक यांनी प्रयोगशाळेत ठिकठिकाणी दाबून हे मोजले. त्यामुळे अशा रुग्णाला मधोमध छोटा केज बसवण्यापेक्षा कडेच्या हाडावर टेकेल असा रुंद केज बरा. आणि आधी हाडाची घनता तपासून महिनोन्‌महिने औषध देणे त्याहूनही बरे. मापांचाही प्रश्न आहे. भारतीय मणके सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा लहान असतात. तिकडच्या मापांचा संच इथे आणला की छोट्या मापांचा ट्रे अपुरा पडू शकतो आणि एखादा आकार ‘चालवून घेण्याचा’ मोह होतो. एक-दोन मिलिमीटर जास्त उंचीचा केज ठोकला की एंडप्लेट तिथेच तडकते.

आपल्याकडे आणखी एक रुग्ण आहे, मणक्याच्या क्षयाचा. हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ साली कुजलेला मणका पुढून काढून तिथे बरगडीचे हाड बसवण्याची पद्धत मांडली. आज त्या पोकळीत टायटॅनियमच्या जाळीची नळी, आत रुग्णाचे हाड भरून, उभी करतात. क्षयाचे बहुतेक मणके औषधांनीच बरे होतात. मज्जारज्जू दाबला गेला किंवा कुबड वाढत चालले तर मात्र थांबता येत नाही.

आणि नुसत्या कंबरदुखीसाठी ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून लगेच फ्यूजनकडे, म्हणजे मणके जोडण्याच्या या शस्त्रक्रियेकडे, धावणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जेरेमी फेअरबँक यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये झालेल्या ३४९ रुग्णांच्या चाचणीत, जुन्या कंबरदुखीवर फ्यूजन आणि नेटाने केलेला व्यायाम-उपचार यांच्या परिणामांत २००५ साली फारसा फरक दिसला नाही. मणका सरकला असेल, पायाची ताकद जात असेल, तिथे केजची खरी गरज.

यवतमाळात १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड शस्त्रक्रियेला लोक सेवाग्राम, सावंगी, नागपूर गाठतात. विदर्भातल्याच गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर मुंबईहून येऊन रुग्ण तपासतात आणि शस्त्रक्रियाही करतात. म्हणजे तज्ज्ञाने रुग्णाकडे जाणे शक्य आहे. पण शस्त्रक्रियेनंतरची तपासणी दर वेळी दूरच्या शहरात जाऊन होत नाही. मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. इथे पॉलिमरच्या केजची एक जमेची बाजू पुढे येते. तो एक्स-रेत दिसत नाही. त्याची जागा कळावी म्हणून त्यात टँटलमचे बारीक ठिपके बसवलेले असतात. त्यामुळे खिडकीतले हाड सलग झाले का, हे तालुक्याच्या गावी काढलेल्या साध्या एक्स-रेतही बरेचसे वाचता येते. भरीव धातू तेच हाड झाकून टाकतो आणि मग सीटी स्कॅन लागतो. सच्छिद्र टायटॅनियममध्ये क्ष-किरणांना वाट राहील अशी मोठी खिडकी आणि पातळ कडा ठेवणे हे म्हणूनच दिसण्यापुरते काम नाही. उमरखेडच्या किंवा झरी जामणीच्या रुग्णाने एक्स-रे व्हॉट्सॲपवर पाठवला तर डॉक्टरला त्यात हाड दिसले पाहिजे.