तळवलीच्या शेजारचे दाट वन

तळवली, घणसोली, कोपरखैरणे ही गावे पारसिकचे डोंगर आणि ठाणे खाडीची खारफुटी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेली असून, नवी मुंबईच्या उभारणीत येथील बरीच मोकळी जमीन बांधकामाखाली गेली; म्हणूनच कोपरखैरण्याच्या निसर्गोद्यानातील मियावाकी वन मोलाचे ठरते. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांच्या या पद्धतीत भुसभुशीत केलेल्या मातीत शेणखत व भाताचे तूस मिसळून, दर चौरस मीटरला साधारण ३ ते ४ स्थानिक रोपे लावतात आणि ओल टिकावी म्हणून जमीन पेंढ्याने झाकतात; दाटीमुळे रोपे उजेडाकडे सरळ झेपावतात. येथे करंज, जांभूळ, ताम्हण यांनाच अग्रक्रम हवा, आणि पहिली २–३ वर्षे पाणी व खुरपणी चुकता कामा नये. मात्र तोडलेल्या खारफुटीची भरपाई अशा वनाने होत नाही.