पायली, किलो आणि इंट

लोणार सरोवराच्या काठावर आम्ही हवेचं तापमान नोंदवणारा एक छोटा लॉगर ठेवला होता. सकाळी ७ वाजता सुरू केला, दर मिनिटाला एक नोंद. रात्री फाइल उघडते तर दुपारी ४:०६ पर्यंत सगळं ठीक, आणि ४:०७ च्या नोंदीत वेळ होती उणे ३२७१६ सेकंद! हाच कोड माझ्या लॅपटॉपवर दोन दिवस बिनतक्रार चालला होता.

चूक सेन्सरची नव्हती, माझीच होती. सेकंद मोजायला मी साधा ‘इंट’ वापरला होता. (सी भाषेतली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय.)

आपल्याकडे पूर्वी धान्य पायलीनं मोजायचे. पण एका भागातली पायली दुसऱ्या भागातल्या पायलीएवढीच असेल, याची खात्री नसायची. सी मधला इंट तसाच आहे. सी चं मानक एवढंच सांगतं की तो किमान १६ बिटांचा असावा. लॅपटॉपवर तो ३२ बिटांचा असतो, अर्डुइनो उनोवर १६ बिटांचा. १६ बिटांत सर्वांत मोठी संख्या मावते ३२७६७. तेवढे सेकंद म्हणजे ९ तास, ६ मिनिटं, ७ सेकंद. सकाळी ७ मध्ये मिळवा, उत्तर समोर आहे.

‘मग लाँग वापर की!’ असं तुम्ही म्हणाल. माझं काम त्यानं भागलंही असतं. पण ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटचा आणि विंडोजवर ४ बाइटचा. एकीकडे लिहिलेली बायनरी फाइल दुसरीकडे वाचली की आकडे सरकलेच.

१९५६ च्या कायद्यानं देशात किलो आला आणि मापाचा घोळ मिटला. सी मध्ये ते काम १९९९ च्या मानकातल्या ‘एसटीडीइंट.एच’ या हेडरनं केलं. त्यात ‘इंट१६_टी’, ‘इंट३२_टी’, ‘यूइंट८_टी’ असे प्रकार आहेत. नावातच माप आहे: इंट३२_टी म्हणजे नेमके ३२ बिट. काही सिग्नल प्रोसेसरवर ८ बिटांचं एककच नसतं, तिथे यूइंट८_टी मिळत नाही आणि कोड कंपाइलच होत नाही. हेही चांगलंच! गुपचूप चुकण्यापेक्षा तोंडावर नकार बरा. ‘किमान एवढे बिट’ चालणार असतील तर ‘इंट_लीस्ट३२_टी’ सगळीकडे मिळतो.

जुन्या कंपायलरवर हे हेडर नसेल तर ‘लिमिट्स.एच’ मधल्या कमाल किमती तपासून एकाच फाइलमध्ये टाइपडेफनं हीच नावं तयार करायची. प्रत्येक फाइलमध्ये वेगळी व्याख्या केलीत, तर पुन्हा पायलीच.

आता एक फसवी जागा. चलाचा प्रकार बदलला म्हणजे झालं, असं समजू नका. उनोवर यूइंट३२_टी मध्ये ६० गुणिले १००० ठेवून बघा. दोन्ही आकडे इंट, म्हणून गुणाकार आधी १६ बिटांत होतो आणि तिथेच ओसंडतो. मानक अशा वेळी कसलीच हमी देत नाही. सहसा उणे ५५३६ येतं आणि चिन्हविरहित ३२ बिटांत ते ४२९ कोटींच्या वर जातं. मिलिसेकंदात धरलं तर एक मिनिट थांबायच्या जागी यंत्र जवळपास ५० दिवस थांबेल! उपाय सोपा: १००० च्या पुढे ‘यूएल’ लावा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? माझी खरी भीती वेगळी होती. आलेख काढणारा प्रोग्राम नोंदी वेळेनुसार लावतो. त्यामुळे त्या संध्याकाळचं उतरतं तापमान आदल्या रात्रीचं म्हणून बसलं होतं. रात्री तापमान उतरतंच, त्यामुळे आलेख अगदी खरा वाटत होता. मूळ फाइल उघडली नसती, तर तो तसाच प्रबंधात गेला असता.

म्हणून आता कोड हातात घेतला की पहिला प्रश्न हाच विचारते: हे माप पायलीचं की किलोचं?