शस्त्रवैद्यांस संशोधनाची सवड हवी

एम. एस. पदवीच्या तीन वर्षांत आपल्याकडील प्रत्येक उमेदवारास एक प्रबंध सादर करावा लागतो. नियम चांगला आहे. परंतु त्या प्रबंधासाठी निराळा काळ मात्र राखून ठेविलेला नाही. बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रियागृह व रात्रपाळी यांतून जी अर्धवट झोपेची घटका उरेल, तीत संशोधन उरकावयाचे! असले प्रबंध पुढे कपाटात धूळ खात पडले, तर तो दोष उमेदवाराचा, असे आम्हांस तरी म्हणवत नाही.

याहून निराळा प्रकार अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात घडला. तेथे १९३० ते १९६७ पर्यंत शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख असलेले ओवेन वँगन्स्टीन यांनी शिकाऊ शस्त्रवैद्यांस वॉर्डातून मोकळे करून प्रयोगशाळेत धाडण्याचा परिपाठ ठेविला होता. त्या तालमीतून कोण निघाले? उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेचे धुरीण वॉल्टन लिलेहाय. स्टॅनफर्ड येथे श्वानांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हृदयरोपणाचे तंत्र बसविणारे नॉर्मन शमवे. आणि ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे मानवी हृदयाचे पहिले रोपण करणारे ख्रिस्तियान बर्नार्ड.

मुंबईसही हे अगदीच अपरिचित नाही. के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला, हे खरे. तथापि बर्नार्ड यांच्यामागून तीन महिन्यांच्या आत असे धाडस करता आले, ते श्वानांवरील प्रयोग आधीच चालू होते म्हणून.

कोणी म्हणेल, आधीच डॉक्टर अपुरे. त्यांतील एक प्रयोगशाळेत बसला तर रोग्यांनी कोणाकडे पाहावे? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच नुसत्या रजेने भागणार नाही. उमेदवाराचे एका वर्षाचे विद्यावेतन, व त्याच्या जागी येणाऱ्या डॉक्टराचा पगार, असा दुहेरी खर्च कोणीतरी उचलला पाहिजे. तो प्रथम सरकारने व महापालिकांनी उचलावा, असे आमचे मत आहे. पण आमच्या व्यापारी बंधूंनाही येथे वाव आहे. के. ई. एम.ला जोडलेले महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्याच द्रव्यातून उभे राहिले ना? हल्लीचे दानशूर इमारत आणि यंत्र देतात, कारण त्यांवर नावाची पाटी लागते. एका तरुण शस्त्रवैद्याच्या एका वर्षावर पाटी कोठे लावावी, ही अडचण आम्हांस कळते. ती त्याच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर खुशाल लावावी.