परसातले दुसरे घर

लॉस एंजेलिसच्या उपनगरांत गॅरेजमध्ये मोटार ठेवणारे लोक शोधावे लागतात. मोटार बाहेर रस्त्यावर असते आणि गॅरेजमध्ये जुने सोफे, मुलांच्या सायकली, ख्रिसमसची सजावट. काही गॅरेजमध्ये मात्र वर्षानुवर्षे माणसे राहत आली आहेत. चोरून, बिनपरवाना, मुख्य घरातून ओढून घेतलेल्या विजेवर. कारण एका प्लॉटवर एकच घर आणि त्यात एकच कुटुंब, हा अमेरिकी उपनगरांचा शिरस्ता. असे क्षेत्र राखून ठेवण्याची सुरुवात ज्या शहरांनी केली, त्यांत कॅलिफोर्नियातले बर्कली अगदी आघाडीवर होते, १९१६ साली. शंभर वर्षांनी त्याच राज्याने तो शिरस्ता मोडायला घेतला आणि त्यासाठी हत्यार निवडले ते परसातल्या लहानशा घराचे.

तिकडे या घराला ‘एडीयू’ म्हणतात. मुख्य घराच्याच प्लॉटवर, पण स्वतंत्र दाराचे, स्वतःचे स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेले बिऱ्हाड. ते गॅरेजचे रूप पालटून करता येते, मूळ घराला जोडून काढता येते किंवा मागच्या अंगणात वेगळे बांधता येते. मूळ घराच्या भिंतींच्या आतच ५०० चौरस फुटांपर्यंतचा भाग वेगळा काढला, तर ते ‘ज्युनियर’ एडीयू.

अशा घरांना कायद्याने पूर्वी मनाई होती, असे नाही. राज्याचा कायदा १९८२ पासून होता. पण परवानगी नगरपालिकेच्या हातात, आणि नगरपालिका शेजाऱ्यांच्या मुठीत. बराच काळ जाहीर सुनावणी लागायची. मग शेजारी येऊन सांगायचे की गाड्या वाढतील, आमच्या अंगणात सावली पडेल, अनोळखी लोक येतील. त्यातून कुणी तगलाच, तर प्लॉट अमुक मोठा हवा, झाकलेले पार्किंग हवे, कुंपणापासून इतके अंतर सोडा, वर घसघशीत शुल्क भरा. शहराला ‘नाही’ म्हणावेच लागत नसे. अटीच ते काम करत.

२०१६ साली विधिमंडळाने दोन विधेयके मंजूर केली आणि जानेवारी २०१७ पासून अटींची ही तटबंदी ढासळू लागली. लॉस एंजेलिस शहरात त्याआधी वर्षाला शंभरही अर्ज येत नसत. २०१७ मध्ये ते दोन हजारांच्या घरात गेले. २०१९ च्या कायद्यांनी उरलीसुरली कसर भरून काढली. नकाशा नियमात बसतो की नाही, एवढेच आता अधिकाऱ्याने पाहायचे. सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमती नाही. पूर्ण अर्ज हाती आल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यायचा. नाही दिला तर परवानगी मिळाली असे धरले जाते. बाजूच्या आणि मागच्या कुंपणापासून चार फूट सोडले की पुरे. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान घराला विकास शुल्क माफ. बस किंवा रेल्वे अर्ध्या मैलाच्या आत असेल तर पार्किंगची सक्ती नाही. गृहसंस्थांचे मनाईचे करारही निष्प्रभ ठरवले गेले. राज्यभरात २०१६ मध्ये दीड हजारांहूनही कमी परवाने दिले गेले होते. २०२२ पर्यंत हा आकडा वर्षाला वीस हजारांच्या पुढे गेला. सरकारने स्वतः एक वीटही न रचता एवढी घरे उभी राहावीत, ही किमया अनुदानाची कमी आणि अधिकाऱ्याचा लहरी नकार काढून घेण्याची जास्त.

कागद सोपा झाला. जमीन तशीच आहे. गॅरेजचे घर करणे स्वस्तात पडेल, असे पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटते. पण गॅरेजची फरशी पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे उतरती असते, तिच्याखाली ओल अडवणारा थर असेलच असे नाही, भिंतींत उष्णतारोधन नसते. म्हणजे फरशी समतल करा, भिंती आतून उघडा, मोटारीच्या दाराच्या जागी खिडकीची भिंत उभी करा.

मागच्या अंगणात नवे घर बांधायचे, तर खरा पैसा चरांत जातो. पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या नळ्या रस्त्यापासून थेट मागपर्यंत न्यायच्या. सांडपाणी उताराने वाहते. नवे घर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असले की पंप बसवावा लागतो. जुन्या घरांची वीजपेटी अनेकदा १०० अँपिअरची असते. दोन बिऱ्हाडांच्या शेगड्या आणि एसी तिला झेपत नाहीत. पेटी वाढवायची म्हणजे वीज कंपनीची वाट पाहणे आले, आणि तिच्यावर नगरपालिकेच्या ६० दिवसांचे बंधन नाही. नव्या स्वतंत्र घरावर सौरपट्ट्या बसवण्याचा नियमही आहेच.

कारखान्यात तयार झालेले घरही मिळते. ते ट्रकवरून येते आणि क्रेनने मुख्य घराच्या छपरावरून उचलून मागे ठेवले जाते. गल्ली बघायला जमते. मात्र पाया आणि चर इथेही चुकत नाहीत.

बर्कली विद्यापीठाच्या ‘सेंटर फॉर कम्युनिटी इनोव्हेशन’ने २०२१ मध्ये घरमालकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा बांधकामाचा मध्यम खर्च दीड लाख डॉलर निघाला, म्हणजे चौरस फुटाला सुमारे २५० डॉलर. त्यानंतर मजुरी आणि व्याजदर दोन्ही चढले. आधीच घर असलेल्या, त्यावर कर्ज उचलू शकणाऱ्या माणसालाच हे परवडते, हे उघड आहे. एडीयूला परवडणाऱ्या घरांचा रामबाण उपाय म्हणून मिरवणारे ही बाजू झाकतात. भाडेकरूला चांगल्या वस्तीत बिऱ्हाड मिळते हे खरे, पण मालमत्ता वाढते ती मालकाचीच. २०२३ च्या एका कायद्याने असे घर वेगळे विकण्याची मुभा देण्याचा अधिकार शहरांना दिला आणि सॅन होजेने तो २०२४ मध्ये सर्वांत आधी वापरला. मालकीची वाटणी तिथून कदाचित सुरू होईल.

मालमत्ता कराची धास्ती मात्र फारशी बाळगू नये. राज्याच्या १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या करनियमामुळे एडीयू बांधले म्हणून मूळ घराचे करमूल्य नव्याने ठरवले जात नाही. नव्या बांधकामाची भर तेवढी पडते.

सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेल या पट्ट्यात राहणारी मराठी कुटुंबेही हा हिशेब मांडत असतील, आणि पुण्या-नाशिकहून येणारे आई-वडील हे त्यातले स्वाभाविक कारण. व्हिजिटर व्हिसावर सहसा एका वेळी सहा महिनेच राहता येते. उरलेल्या महिन्यांत घर रिकामे ठेवायचे की भाड्याने द्यायचे, हे आधीच ठरवलेले बरे. बहुतेक ठिकाणी तीस दिवसांहून कमी मुदतीने ते देता येत नाही, आणि आई-बाबांच्या विमानाच्या तारखेला भाडेकरू जागा सोडेलच असे नाही. तेवढे ठरले की आर्किटेक्टला फोन करण्याआधी दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात: सांडपाण्याची लाइन अंगणातून कुठून जाते, आणि भिंतीवरची वीजपेटी किती अँपिअरची आहे.